हातचा

पेटी ठेवली व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली.
बाहेर उणे एकवीस.
खिडकीच्या फटीत कोंबलेल्या वर्तमानपत्रावरचा उमेदवार
वाऱ्यासरशी आत-बाहेर श्वास घेत होता.

दाराशी बाउरसाक तळत होते, चहा फुकट,
लाउडस्पीकरवर लग्नातली गाणी.
पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी आणलेली कार्नेशनची फुलं नऊ,
पोरं आली चार.
उरलेली पाच मी बादलीत ठेवली.

दुपारी छोटी पेटी घेऊन अंथरुणावरच्या मतदारांकडे निघालो,
झाक्सिलिकच्या जीपमधून, जुन्या धक्क्यावरून खाली,
अरालच्या तळावरून सरळ.
येर्गाझी आजोबा तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होते.
कागद डोळ्यांशी धरून विचारलं,
"यातला पाणी कोण आणणार?"
"वरून पहिला, आजोबा."
"मागल्या खेपेलाही वरून पहिलाच होता."
"हो."
"मग फार लांबून येतोय बिचारा,"
म्हणाले, आणि खूण केली त्याच चौकटीत.
मग, जीप परत जाणारच आहे तर
गॅसची रिकामी टाकी न्याल का, म्हणाले.
नेली.

मी गणित शिकवते. सव्वीस वर्षं.
मागचं उत्तर बघून गणित रचणारं पोर मला लांबून कळतं:
पायऱ्या सुबक, खाडाखोड नाही,
आणि हातचा कुठे गेला ते सांगता येत नाही.

आठला दार बंद. सव्वाआठला फोन.
मुख्याध्यापिकाबाईंनी पेन्सिलीनं लिहून घेतलं: सहाशे बारा.
मग पेटी उपडी केली.
एकूण कागद चारशे सात,
पहिल्या चौकटीत दोनशे एक्याण्णव.
पुन्हा मोजले. तेवढेच.
म्हणजे तेच जिंकले होते. खरोखरीच जिंकले होते.
पण खरं पुरलं नाही.

"ताळा जमतोय," मी म्हणाले.
कोणी हसलं नाही.
"कुरालाय," बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"शाळेचा कोळसा अजून यायचाय."
खोली एवढी गार होती
की त्यांचं वाक्य वाफ होऊन टेबलावर थोडा वेळ राहिलं.

पाच सह्या. माझी चौथी.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळेच म्हणतात.

सकाळी वर्ग उघडायला आले
तर बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलेलं.
पाचही फुलं त्यात ताठ उभी,
लाल, हजर.