सळई

नवतप्याचा चौथा दिवस.
अमरावती रोडवर डांबर चपलेला धरून ठेवतं.
प्रयोगशाळेत एसी एकच, तो लेझरसाठी;
माणसांना कूलर, त्याचा वाळा अकरालाच कोरडा.

नाव शीतल, आडनाव निखारे.
हजेरी घेणारे सगळे गुरुजी यावर एकदा तरी हसलेत.
आता कामही तेच लागलंय:
निखारे करायचे, इतके बारीक
की केसाच्या जाडीत वीस हजार
शेजारी शेजारी बसतील.

कोळसा बाबांनी दिला.
सिल्लेवाड्याच्या खाणीतून निवृत्त झाले त्या दिवशी
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि डब्याच्या पिशवीत, पेपरात गुंडाळलेला
मुठीएवढा एक तुकडा.
"ठेव. तुह्या कामी येते का पाय."

आला कामी. अ‍ॅसिडात रात्रभर उकळला,
गाळला, धुतला, पुन्हा गाळला.
काळ्याचं फिकट पिवळं पाणी झालं,
चहाचा कप विसळल्यासारखं.
ते अतिनील दिव्याखाली धरलं
आणि बाबांचा कोळसा निळा झाला.
मी कुणाला हाक मारली नाही.

बाकी सगळं पोस्टरवर दोन बाणांत मावतं:
कण गाठीत शिरतात, वरून न दिसणारा प्रकाश पडतो,
कण तापतात, गाठ तापते.
त्रेचाळीसला पेशी डळमळते.
पन्नासच्या पुढे शेजारची चांगलीही भाजते.
बाहेर आज सेहेचाळीस;
पोस्टर वाचणारा हमखास म्हणतो,
मग नागपुरात लेझर काहून पाहिजे?
मी सांगते, आपल्याला घाम येतो.
गाठीला येत नाही.

तापवणं जमत होतं. अडत होतं थांबण्यापाशी.
सुई खुपसावी तर सुईच तापते
आणि स्वतःचाच ताप सांगते.
मोमीनपुऱ्यातून आणलेली कलेजी
तीनदा करपली. खाटीक आता विचारतो, ताई, मसाला देऊ?

बाबा डबा घेऊन आले होते.
स्टुलावर बसून करपलेला तुकडा पाहिला.
"कोळशाचा ढीग आतून पेटते. वरून काईच दिसत नाई.
आमी सळई खुपसून ठेवाचो.
घंट्याभरानं काढाचो, अन् पंजानं धराचो.
धरवली तं ठीक.
नाई धरवली तं पाणी."

त्यांच्या उजव्या तळव्यावर रेघा नाहीत.
बर्डीवरच्या एका ज्योतिष्यानं
तो हात पैसे न घेता परत केला होता.

माझी सळई वेगळी. ती विझत विझत बोलते.
तेच कण: ताप चढला की त्यांचा उजेड उतरतो,
दर अंशाला थोडा, मोजता येईल इतका.
जो जाळतो त्यालाच विचारायचं, किती जळालं.
हे लिहायला चार ओळी लागल्या,
जमायला दोन वर्षं,
आणि अजून फक्त कलेजीत, दोन मिलिमीटर खोल.
उंदीर पुढे आहे. माणूस तर दिसतही नाही.

चौथा तुकडा ठेवला. लेझर सुरू.
पडद्यावरची रेघ उतरू लागली:
सदतीस, एकोणचाळीस, एक्केचाळीस.
बाबांनी चष्मा पुसला.
त्रेचाळीस. मी बटण दाबलं.

वास आला नाही.
रेघ क्षणभर तिथंच राहिली,
मग हळूहळू वर चढायला लागली,
उजेड परत येत होता.
"पाणी टाकलं का?"
"नाही. बंद केलं फक्त."

ते उठले. सवयीनं पंजा बशीकडे गेला,
अर्ध्यात थांबला.
"धरू?"
मी आकडा पाहिला. एकोणचाळीस.
"धरा."