दोन तास

नांगराचे दोन तास.
एवढाच धुरा सरकवला दौलत इंगोल्यानं
माझ्या हरभऱ्याच्या अंगात.
बोरीचं जुनं खुंट होतं तिथंच आहे,
फक्त आता ते त्याच्या वावरात उगवलेलं.

"काऊन गप हायेस बे?" पारावरचे विचारतात.
"मोजणी बोलाव दारव्ह्यावरून,
नाहीतर चार पोट्टे घे, रात्री पाहून घेऊ."
रूथ काहीच बोलली नाही,
भाकर तेवढी जरा जोरात थापली.

मी गप होतो. येशूचा माणूस म्हणून गप.
आणि खरं सांगू?
ते गप बसणंही मी बाजारात मांडलं होतं,
धुऊन पुसून, टोमॅटोसारखं,
लाल बाजू वर करून.
लोकांनी म्हणावं, असतो बाप्पा असाही एखादा.
वानखडे पास्टरांनी रविवारी
नाव न घेता माझं नाव घ्यावं.
जमीन सोडली दोन तास,
मजुरी मात्र मुठीत धरून बसलो.

पुसाची रात्र. लाइन दीडला आली.
मोटार टाकायला गेलो तर
पलीकडं दौलतचा पाइप जोडातून निसटलेला,
पाणी नाल्याकडं सुसाट,
आणि दौलत यवतमाळला, दवाखान्यात, नातवाजवळ.

बॅटरी विझवून उभा राहिलो.
आटू दे म्हटलं त्याची विहीर.
हे मीच म्हटलं,
तिथं दुसरं कुणी नव्हतं म्हणायला.

मग वाकलो कसा, ठाऊक नाही.
प्रार्थना केली नव्हती.
पाणी कोपरापर्यंत, बोटं लाकडाची,
दुपट्ट्याची चिंधी फाडून, वरून तार पिळून
जोड आवळला.
आभाळात कुणी टाळी वाजवली नाही.
एक टिटवी ओरडली, तीही चिडून.

येताना नव्या धुऱ्यावरून आलो.
पायाला तोही मातीचाच लागला.

रविवारी, टिनाखाली, पास्टर म्हणाले,
"साक्ष कोण देतो?"
माझे गुडघे आपोआप उठले.
सगळे बघत होते. रूथही.
"हरभरा बरा आहे," म्हणालो, "थंडी आहे.
प्रभूची स्तुती असो."
आणि खाली बसलो.
रूथ माझ्या बोटावरचा तारेचा ओरखडा
बघत राहिली, आमेन होईपर्यंत.

दौलत अजून बोलत नाही.
धुरा आहे तिथंच आहे.
आणि मी हे लिहिलं,
म्हणजे मांडलाच की पुन्हा बाजार.

कागद बियाण्याच्या पोत्याखाली सारतो.
उंदरांनी वाचावा.