मागची सीट

सावर्ड्याला खाणीवर टिप्पर चालवायचो तेव्हा
इंजिन कुठं दुखतंय ते तळपायाला कळायचं,
गिअरच्या दांड्यातून कोपरापर्यंत चढायचं.

ही जपानी व्हॅन काहीच सांगत नाही.
बटण दाबलं की नुसता दिवा.
डावा पाय अजून क्लच शोधतो,
मग गालिच्यावर ओशाळून बसतो.
खड्डा मला दिसतो,
पाहुण्याच्या कपातल्या चहाला पत्ताही नसतो.

आज चोडणला पाहुणे उतरवून रिकामाच परतलो.
फेरीबोटीवर डावीकडं चार बोटं जागा,
उजवीकडं एक माणूस, तोही तिरका.
इनास ओरडला, "सगुण, आरसे मीट!"

मीटले. हँडब्रेक लावला. तिरका होऊन उतरलो.
मागचं दार तेवढ्याच फटीत
अंगाला न लागता सरकलं,
जणू मीही कुणीतरी होतो.

आधी फडकं अंथरलं, मग बसलो.
पोटऱ्यांखाली गादी वर आली.
दार लागलं, आणि फेरीबोटीची धडधड
परगावी गेल्यासारखी झाली.
काचेपलीकडं मांडवी, मुकी.

एवढा आराम, की अंगच घाबरलं.
समोर स्टिअरिंगवर कुणी नव्हतं
आणि आम्ही चाललो होतो.