धूर न करता

डॉक्टरीणबाईंनी प्लेट खिडकीला धरली
आणि पेनाच्या टोकानं बापाच्या फासळ्या मोजून दाखवल्या.
मधे मधे पांढरं, पीठ सांडल्यासारखं.
चाळीस वर्षांची गिट्टी, म्हणाल्या.
चूल नको, धूर नको, तिखट नको,
पुसातली थंडी तर नकोच नको.
मग छातीवर दोन बोटं ठोकली.
बद्द वाजलं.

घरी येऊन बाप भिंतीकडे तोंड करून पडला
आणि तीन दिवसांनी बोलला तो एवढंच:
"पोरी, डुकराच्या फासळ्या खाव्या वाटते."

आता फासळ्या म्हणजे अंगणातलं काम.
आमच्या वडार वस्तीत त्या कोणी घरात केल्या नाहीत.
पऱ्हाट्यांचा जाळ, मग पळसाचे निखारे,
उकिडवा बसून बाप उलटवणार,
चरबी टपकली की इस्तव भडकणार,
आणि गावभरचे कुत्रे लांब गोल करून.
आता अंगणात थंडी,
आणि घरात एक गॅस, ज्याच्यावर आजवर चहाच झाला.

राजुऱ्याच्या बाजारातून पोचक्काकडून दोन किलो आणल्या.
आधी कुकर. सहा शिट्ट्या.
झोपलेल्या लेकरासारखं मांस हाडावरून घसरलं.
बापानं एक चोखली, थाळी सरकवली.
"हे त उकडलं वं. दवाखान्यातलं वाटते."

मग तवा, तव्यावर उपडं घमेलं,
घमेल्यावर त्यानंच टाचलेला पाटा.
खालून करपल्या, वरून लालच राहिल्या.
शेजारची गंगव्वा वासानं दारापर्यंत आली
आणि काही न बोलता परत गेली.

त्या रात्री तो खोकत होता, मी मोजत होते.
पहाटे भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला,
"मांगं क्रशरची फुटकी चाळणी हाये.
इंची गिट्टीची. घास तिले चांगली."

मोठा गंज काढला. तळाला दोन बोटं नदीची रेती,
रेतीवर चाळणी, चाळणीवर उरलेल्या फासळ्या,
लसूण, भाजल्या जवसाची पूड
आणि आंबाडीचा आंबट कोळ चोळून ठेवलेल्या.
झाकणाच्या कडेला कणीक लिंपली.
गॅस काजव्याएवढा. तीन तास.
गंज गप्प. घरात वासही नाही.
मला वाटलं, हेही गेलं.

"भाजल्याचा वास कुठून आणू, बा?"
तेव्हा तो उठून बसला. कुणी हात न देता.
"दगड तापव. पन कोनताबी नोको.
नाल्यातला घेशीन त फुटते, तोंडावर येते."

मागच्या ढिगातून सात आणले.
एकेक कानाशी धरून
हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेला.
बद्द. हा मेला. बद्द. हाबी.
पाचवा ठण्णकन वाजला, शाळा सुटल्यासारखा.
"हा घे," म्हणाला.
बाकीचे दोन त्यानं ठोकलेच नाहीत.

तो काळा दगड गॅसवर काही लाल होईना,
पण पाण्याचा थेंब त्याच्यावर टिकेना इतका तापला.
सांडशीनं वाटीत, वाटी फासळ्यांच्या मधोमध,
वर चमचाभर चरबी,
चर्र झालं की लगेच झाकण.
जो काय धूर, तो आतल्या आत.

मी खिडकी उघडायला गेले.
"राहू दे. इकडं आन गंज.
अन् झाकण मायापाशी काढ."

हातभर निळा धूर वर आला,
त्याच्या मिशीत थोडा अडकला.
त्यानं डोळे मिटले, नंतर उघडले,
आणि छिन्नी धरतात तशी एक फासळी धरली.

दुसऱ्याच घासाला खोकला आला,
लांब, कमरेत वाकवणारा.
मी झाकण घेऊन धावले.
त्यानं हातानंच थांबवलं. डोळे पुसले.
"धूर नाई वं," म्हणाला,
"मिरची जास्त झाली."

मिरची मी घातली नव्हती.
दुसरी फासळी त्याच्या ताटात ठेवली.