आठ वाजेपर्यंत

फॉर्मवर दोन रकाने:
आणीबाणीत कोणाला कळवायचं.
पहिल्यात हात आपसूक सिवचा नंबर लिहून गेला.
खोडला.
तो नंबर आता योकमोकमधल्या कुणा पोराकडे असतो;
एकदा उचलला होता त्याने.

मुलगा मालमोला. फोन पालथा घालून झोपतो.
त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात.

पहिल्यासाठी कुंपण वळसा घालून गेलो
गुनवोरकडे. बर्फ कुणी कुणाच्या अंगणात लोटला
यावरून चार हिवाळे बोलणं बंद होतं.
तिने चष्मा लावला, नकाशा टेबलावर पसरला,
कॉफीचा कप ठेवला नेमका रापा दरीवर.
"नदी कुठे ओलांडणार?"
मी बोट ठेवलं.
"आणि मी वाट कितीपर्यंत पाहायची?"
म्हटलं, रात्री दहा.
"आठ," म्हणाली, आणि पेन्सिलीने तेच लिहिलं,
खाली बचाव पथकाचा नंबर, माझ्या गोळ्यांची नावं,
तंबूचा रंग.

तिसऱ्या संध्याकाळी वारा असा सुटला
की खुंट्यांवर धोंडे ठेवावे लागले.
मुठीएवढं यंत्र आभाळाकडे धरून उभा राहिलो,
उधारी मागायला आल्यासारखा.
हिरवा दिवा लुकलुकतो, थांबतो, लुकलुकतो.
सात चाळीस.
सात बावन्न.
"ठीक आहे. नदीच्या अलीकडेच थांबलोय."
गेला.

उत्तराला अकरा मिनिटं लागली,
वर कुठूनतरी फिरून आलं:
"पेन्सिल खाली ठेवली.
तुझा कुत्रा जेवला.
माझी एक चप्पलही."