कोंबडा की कोंबडी

नर्सरीवाल्याने करवंद म्हणून दिलेलं रोप
दोन पावसाळे गोडोलीच्या प्लॉटवर वाढवलं.
काटे आले, पानं समोरासमोर आली,
शेजारच्या निकम सरांना सांगूनही झालं,
भिंत नको, करवंदाचं कुंपण होणार.

मेढ्याच्या स्टँडवर ठकूबाई झोरेला फांदी दाखवली.
मी डेपोत होतो तेव्हापासूनची ओळख.
तिने नखाने पान खुडलं, देठाकडे बघत राहिली.
"दूध कुठाय?"
नव्हतं.
"मिस्त्री, ह्यो गेळा. फळं ठेचून डोहात टाकत्यात, मासं मारायला."

मग पाटीखालची डहाळी काढली.
पान तोडलं की चीक,
बोटाला बोट चिकटवणारा.
काटे जोडीने, आणि जून झाला की
काट्यालाच फाटा फुटतो,
मेढ्यातून एक रस्ता केळघरला, एक कुसुंबीला, तसा.
"फूल बघाय माघात ये.
कळी तांबूस, उमलली की पांढरी,
पाकळ्या समद्या एकाच अंगाला वळलेल्या."

कुंभ्याच्या पानाचा द्रोण माझ्या हातात देऊन म्हणाली,
"फोडायच्या आधी सांग. कोंबडा की कोंबडी?"
आत लाल तर कोंबडा, फिकं तर कोंबडी.
मी पाचदा चुकलो. पाचही वेळा पैसे तिने घेतले.
"बी वाळवू नगंस. ठिवलं की मेलं.
खा, थुक, आन् त्याच आठवड्यात मातीत घाल."

गाडी लागेपर्यंत खात होतो.
घरी हिने रुमाल उघडला आणि ओरडली,
रक्त कुणाचं?

त्रेपन्न बिया. दुधाच्या पिशव्या, चाळलेली माती, मूठभर लेंडी.
एकतीस उगवल्या.
वर्षभरात वीतभरही नाही.
मी रोज एक पान मोडून चीक बघायचो.
एक रोप त्यानेच गेलं.

दोन-दोन फुटांवर लावली.
निकम सरांनी त्यांच्या बाजूने भिंत घातलीच,
म्हणाले, तुमचं होईपर्यंत आम्ही काय करायचं?
त्यांचं बरोबर होतं.
पहिले दोन उन्हाळे मी बादलीने पाणी घातलं,
तिसऱ्यात विसरलो, तरी राहिली.

चौथ्या वैशाखात सात करवंदं.
सात म्हणजे सातच, मी मोजतो रोज.
दोन बुलबुलाने नेली.
उरलेली डब्यात घालून मेढ्याला गेलो.
पाटीवर तिची सून होती.
"आत्याला आता उतार उतरवत न्हाई."
तीन तिच्याकडे दिली. नाव सांगितलं नाही,
फक्त म्हणालो, मिस्त्रीच्या दारची.

आठवड्याने सातारा स्टँडवर
बामणोलीच्या गाडीचा कंडक्टर मला हुडकत आला.
नवीन पोरगा, बार्शीकडचा.
"मिस्त्री तुम्हीच का?
वर एका म्हातारीने निरोप दिलाय. एवढंच म्हणाली,
तिन्ही कोंबडं."
मग जरा जवळ येऊन, हळू आवाजात,
"नवसाचे आहेत का? गाडीत चालत नाही हो,
तिकीट फाडावं लागेल."