वाऱ्याचा डोळा

व्हिटबीच्या वर, कड्याला चिकटलेल्या गावात
मी तेव्हा तावदानं बसवायचो.
पाठीवर लाकडी चौकट, तिच्यात उभ्या काचा,
खिशात हिरकणी,
डब्यात जवसाच्या तेलात मळलेली लांबी.
वारा सुटला की चढावर
काचांचं शीड व्हायचं, आणि मी तिरपा.

मिस हेस्टर थ्वेटच्या स्वयंपाकघराची काच
त्या वर्षी तिसऱ्यांदा फुटली होती.
“अँब्रोजनं फोडली,” ती म्हणाली,
दूध उतू गेलं म्हणावं, तशी.

अँब्रोज तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीचा.
मनगटाला फडकं बांधून चुलीपाशी बसलेला,
बुटांचे बंद एकमेकांत गुंतवून.
गाव त्याला सिली म्हणायचं. मीही.
त्या दिवशीही म्हणालो, तुकडे वेचता वेचता, हसून.
तिची किटली हवेतच थांबली.

तीस वर्षं ही बाई
कुठल्याशा शब्दकोशाची मुद्रितं तपासत होती.
मला काय माहीत. मला दिसायचा तो जाड चष्मा.

“तो शब्द तरुण होता ना,
तेव्हा त्याचा अर्थ होता धन्य.
ज्याच्या डोक्यावर देवाचा हात आहे, असा.
मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो वापरला
आणि तो झिजला, न्हाणीतल्या साबणासारखा.
आधी भाबडा झाला, मग बिचारा, मग दुबळा,
आणि हाताला लागली ती खुळेपणाची चिपटी.
म्हण त्याला सिली, खुशाल म्हण.
पण जुन्या अर्थानं म्हण.”

मी खाली मान घालून
चौकटीची वाळलेली लांबी खरवडत राहिलो.
कान तापले होते. पटाशी दोनदा घसरली.

तेवढ्यात अँब्रोज बोलला, माझ्याशी नव्हे, भोकाशी:
“त्याला दिसत नाही ना, काच असली की.”
“कुणाला?”
“वाऱ्याला.”

ती बसली. पहिल्यांदाच.
म्हणाली, होड्यांतून उत्तरेची माणसं इथं आली,
गावांना नावं देऊन गेली,
आणि भिंतीतल्या भोकालाही एक नाव देऊन गेली.
तेव्हा भोकाला काच कुठली? भोकच ते, धूर जायला.
त्याला ती म्हणायची वाऱ्याचा डोळा.
विंडो, विंडो म्हणतो आपण दिवसभर,
त्याच्या आत तो डोळा अजून उघडा आहे.

“हे तुम्ही सांगितलंत त्याला?”
“अँब्रोजला अक्षर येत नाही.
आणि मी,” ती चष्मा पुसत राहिली, “कधीच नाही सांगितलं.”

हिरकणीनं मी काच कापली ती चार बोटं आखूड.
वरच्या फटीला खोक्याची फळी लावली,
कातड्याच्या दोन बिजागऱ्या, ओढायला सुतळी.
अँब्रोजनं सुतळी ओढली. फळी उचलली गेली.
समुद्र आत आला, मिठाचा, माशांचा,
कॅलेंडरची पानं फडफडली.
त्यानं सोडली. पुन्हा ओढली.
चहा गार होईपर्यंत तेच.

मालकानं माझे दोन शिलिंग कापले.
असलं काम आपण करत नाही, म्हणाला.

आता सगळीकडे दुहेरी काचा, कारखान्यातून जुळून येतात,
वाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

पण त्या दिवशी दारात मी विचारलं होतं,
“आणि काच? काच या शब्दात काय आहे?”
ती म्हणाली, “आधी ती लांबी वाळू दे.”